अलंकार कुठला?

आमचे हे भाषेचे मास्तर. वर्गात अलंकार शिकवतात आणि उरलेसुरले घरी घेऊन येतात. डास चावला की यांना भाला लागतो. चहा जरा निवला की कपात बर्फ तरंगतो. साधी सर्दी झाली तरी डोक्यात हत्ती नाचतात. लग्नानंतर वर्षभर मी त्या प्रत्येक हत्तीमागे धावले, मग शहाणी झाले. हे कण्हायला लागले की हातातलं काम न सोडता विचारायची, "अलंकार कुठला?" हे लगेच कबूल करायचे, "अतिशयोक्ती," आणि स्वतःच हसायचे. झालं, मी पुन्हा माझ्या कामाला मोकळी.

आज सकाळी मी भांडी घासत होते. हे टेबलाशी उत्तरपत्रिका तपासत होते. मध्येच थांबून म्हणाले, "अगं, छातीत जरा दुखतंय."

मी वाट पाहिली. भाला नाही, घण नाही, हत्ती तर नाहीच.

"कशासारखं दुखतंय?" शेवटी मीच विचारलं.

"कशासारखं नाही. दुखतंय."

नळ तसाच सोडून मी फोन उचलला, पण साबणाच्या बोटांनी डॉक्टरांचा नंबर काही लागेना. जन्मभर ज्या नाटकांवर वैतागले, त्यातलं एक तरी यांनी आता करावं, असं झालं मला.

"अहो, थट्टा पुरे हं!" मी ओरडलेच. "सांगा ना, अलंकार कुठला?"

यांनी लाल पेनाला सावकाश टोपण लावलं.

"नाही गं," म्हणाले. "साधं वाक्य आहे."