दोन्ही बाह्या डाव्या

मागची खोली गादीवाल्याला दिली, तर मालकीणबाईंना दरमहा पाच हजार घरबसल्या मिळणार होते. खोली रिकामी, गादीवाला दारात. नाही म्हणायला डोकं फिरलेलं असावं लागतं, असं धाकट्या दिराचं मत. त्यांच्या शिवणकारखान्यात कापड आणायचं काम त्याचं, मतं फुकट.

पण बाईंच्या डोक्यात वेगळाच किडा वळवळत होता. रोज चार-सहा शर्ट असे निघत, की दोन्ही बाह्या डाव्या. शिवणाऱ्या बायका मुरलेल्या आणि चूक नवशिक्याची! उसवणीचे पैसे मजुरीतून कापले, तरी थांबेना.

"बायकांच्या पोरांचा कलकलाट, वहिनी. हाकला ती जिन्यातून."

बाईंनी कापड बेतायचं सोंग करत दिवसभर कान टवकारले. पोरं बोंबलत होती तोवर मशिनी सुरळीत. मग जिना एकदम सामसूम झाला, आणि सगळ्या माना दाराकडे वळल्या. पाय मात्र मशीनच्या पायट्यावर चालूच, हाताखालची बाही न बघताच शिवली जात होती.

"अगं, गप्प झाली तर बिघडलं कुठं?"

"ओरडतंय तोवर पोर ठीक असतं, बाई," काजंबटणंवाली म्हणाली. "गप्प झालं, की काहीतरी तोंडात घातलेलं असतं."

गादीवाला हात हलवत परत गेला. खोलीत बायकांच्या पोरांसाठी बालवाडी बसली, शिकवायला एक ताई आली. बाह्या सरळ झाल्या. पण शर्ट आता इस्त्रीच्या टेबलावर तुंबले. इस्त्रीवाला दुपारी उगवायचा. घरी लेक, सांभाळणारी शेजारीण तेव्हा मोकळी होई.

"घ्या त्याचीही!" दीर हसला. "मग दूधवाल्याची, मग अख्ख्या गल्लीची!"

तो चेष्टेत बोलला. बाईंनी हिशेबात धरलं. दार सगळ्यांना उघडलं.

"पोरं शिकून शहाणी होतील, वहिनी, पण मलई खाईल दुसराच."

"खाऊ दे. तोवर माझे शर्ट वेळेवर जाताहेत ना?"

गल्लीतल्या दुकानदारांची माणसंही वेळेवर यायला लागली. वर्गणी मागितली, तेव्हा दुकानदारच सापडेनात. निम्म्यांनी दिली, उरलेल्यांनी तोंडभर कौतुक केलं.

"म्हणजे पैसे भरतंय कोण?" दिराने विचारलं.

बाईंनी बोटांवर मोजून पाहिलं. आता त्या स्वतः आणि निम्मी गल्ली. त्याआधी सगळं बायकाच भरत होत्या, उसवणीच्या नावाखाली. ते कापलेले पैसे परत द्यायचे का, हे दिराने विचारलं नाही. बाईंनीही विषय काढला नाही.