जुन्या क्लबाविरुद्ध गोल

फुटबॉलमध्ये एक शिष्टाचार आहे. ज्या क्लबाकडून तुम्ही पूर्वी खेळलात, त्याच्याविरुद्ध गोल मारला तर नाचायचं नाही. धावायचं नाही, जर्सी काढून भिरकावायची नाही. दोन्ही हात खांद्यापर्यंत वर करायचे, तळवे पुढे, मान थोडी खाली आणि चेहरा असा, की जणू शेजाऱ्यांच्या मयताला आलोय. म्हणजे जुन्या प्रेक्षकांना कळतं, की ह्याने आपलं मीठ खाल्लंय आणि हा ते विसरलेला नाही.

शिष्टाचार चांगलाच आहे. पण ज्याने तो काढला त्याच्या डोळ्यांसमोर आयुष्यात एखाद-दुसरा क्लब बदलणारा सभ्य माणूस असणार. पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणारं माझ्यासारखं पात्र त्याच्या स्वप्नातही आलं नसणार. मी सात क्लबांचं मीठ खाल्लंय. आमच्या विभागातले निम्मे संघ माझे जुने मालक. त्यात मी उजव्या बाजूचा विंगर. विंगरने कडेकडेने पळायचं, चेंडू मध्ये टाकायचा आणि तो दुसऱ्याने जाळ्यात मारला की पळत जाऊन त्याला मिठी मारायची, हे त्याचं मुख्य काम. स्वतःचे गोल वर्षाकाठी दोन-तीन झाले तरी उपकार समजायचे. माझे ते दोन-तीनही नेमके कुठल्या ना कुठल्या जुन्या क्लबावर बसायचे. परिणाम असा झाला, की गोल मारून आनंद कसा करतात हे मी साफ विसरून गेलो. संघातली पोरं मला 'पाहुणा' म्हणायची, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं.

पहिल्या क्लबात माझा वेग एवढा होता, की चेंडू मागे राहायचा. मी गोलरेषेपर्यंत पोहोचून वळून पाहायचो तर चेंडू मैदानाच्या मध्यावर एकटाच पडलेला. तिथले प्रशिक्षक शांत स्वभावाचे होते. एवढंच म्हणाले, की पुढच्या वेळी त्यालाही सोबत घेऊन जात जा. दुसऱ्या क्लबाने मला वेगासाठी घेतलं आणि आल्या आल्या सांगितलं, की जरा हळू, विचार करून खेळ. पळणं आणि विचार करणं ही दोन्ही कामं एका वेळी करायची मला सवय नव्हती, त्यामुळे दोन्ही बिघडली. तिसऱ्या क्लबात मला हौसेने आणणाऱ्या प्रशिक्षकाची मी सामान सोडायच्या आत हकालपट्टी झाली. नवा आला त्याच्या पद्धतीत विंगर नावाचा प्राणीच नव्हता. तिथे मी बाकावर बसायला शिकलो. गंमत नाही, त्यातही कसब लागतं. थंडीत पाय कसे गुंडाळायचे, आपल्या जागी खेळणारा लंगडला तर चेहऱ्यावर काळजी कशी आणायची, हे मी पुढे पोरांना शिकवण्याइतका तरबेज झालो.

चौथ्या क्लबाने मला डावीकडे खेळवलं, कारण उजवीकडे मालकाचा जावई होता. पाचव्यात गुडघा दुखावला. सहाव्या क्लबातले प्रेक्षक माझ्यावर गाणं म्हणायचे. मी महिनाभर छाती फुगवून फिरत होतो. मग एका सामन्यात पावसामुळे स्टेडियम अर्धं रिकामं होतं, तेव्हा त्या गाण्याचे शब्द पहिल्यांदा नीट ऐकू आले.

प्रत्येक वेळी माझ्यामागे दोन माणसं गाशा गुंडाळायची. माझी बायको डोळे तपासून चष्मे बनवून देते. जाईल त्या गावात तिला एखादं चष्म्याचं दुकान शोधावं लागायचं, तिथल्या मालकाला आपण कामाच्या आहोत हे पटवावं लागायचं, आणि पटलं रे पटलं की मी घरी येऊन नव्या क्लबाची बातमी सांगायचो. ती म्हणायची, की तुझं अभिनंदन करू की तुझ्या डोक्यात एखादी फ्रेम घालू, एवढं ठरव. मुलगी दहा वर्षांची, आणि ही तिची चौथी शाळा. आधीच्या शाळेत बाजूला बसणाऱ्या मुलीचं नाव काय, असं मी तिला एकदा विचारलं होतं. तिला माहीत नव्हतं. विचारलंच नाही म्हणाली, कशाला विचारायचं.

सातव्या क्लबाच्या गावात मात्र चमत्कार झाला. आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर, तिच्या वर्गातली एक मुलगी राहत होती. घोगऱ्या आवाजाची, गुडघे कायम खरचटलेले. दोघींचं असं काही जमलं, की आमच्या घरात कपबशा चार लागायला लागल्या. मुलगी जेवताना 'आमच्या शाळेत' असं म्हणू लागली. आजवर ती 'त्या शाळेत' म्हणायची. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी ताटाकडे पाहिलं, कारण माझा करार त्या सीझनच्या शेवटी संपत होता आणि मी पस्तिशी ओलांडली होती.

प्रशिक्षक माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. मी त्याला सर म्हणायचो, तो मला 'तू' म्हणायचा, आणि दोघांनाही त्याची सवय झाली होती. करार वाढवायचा की नाही हे शेवटच्या घरच्या सामन्यानंतर बघू, असं त्याने सांगितलं. मी ते बायकोला हळू आवाजात सांगितलं. आमच्या घराच्या भिंती पुठ्ठ्याच्या असाव्यात, कारण सकाळी मुलगी दात घासता घासता आली.

"बाबा, तू त्या मॅचमध्ये चांगला खेळलास तर आपण इथेच राहणार ना?"

मी हो म्हणालो. फेस पुसत ती खाली मैत्रिणीकडे पळाली.

सामन्याला त्या दोघी मैत्रिणी आल्या. आमच्या मैदानावर एक पद्धत आहे. आपल्या खेळाडूने गोल मारला, की तो पळत डाव्या कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ जातो, कारण तिथे घरची मंडळी बसतात. बायका, पोरं, कुणाची आई, कुणाचे सासरे. माझी मुलगी तिथे पहिल्या रांगेत मैत्रिणीला घेऊन बसली होती. माझ्या बाबाने गोल मारला की तो आपल्याकडे येतो, असं तिने मैत्रिणीला सांगून ठेवलेलं, हे मला नंतर कळलं. तो बाबा आजवर एकदाही आलेला नव्हता, पण मुलं बापाबद्दल काहीही बोलतात.

सामना अडून बसला होता. दोन्ही बाजूंचं खातं रिकामं, आणि शेवटच्या काही मिनिटांत चेंडू माझ्याकडे आला. मी खरं तर तो मध्ये, आमच्या कॅप्टनच्या डोक्यावर टाकत होतो. पण पायाच्या भलत्याच भागाला लागून तो भलतीकडेच निघाला, हवेत वळला आणि गोलकीपरच्या मागे जाऊन पडला. गोलकीपर माझ्याकडे बघत राहिला. मीही त्याच्याकडे बघत राहिलो. आमच्यात चूक कोणाची हे क्षणभर ठरत नव्हतं.

स्टेडियम उसळलं. आणि मी, बारा-पंधरा वर्षांच्या सवयीने, समोरच्या संघाच्या जर्सीचा हिरवा रंग बघून दोन्ही हात खांद्यापर्यंत वर केले. घरच्या कोपऱ्याकडे पाठ केली. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाळीमागे त्यांचे मूठभर पाठीराखे बसले होते, त्यांच्याकडे वळलो, मान खाली घातली आणि मयताचा चेहरा केला.

ते लोक एकमेकांकडे बघायला लागले. एकाने तर मी कोणाची माफी मागतोय हे पाहायला मागे वळून बघितलं. तेवढ्यात कॅप्टनने येऊन माझ्या गळ्यात हात टाकला आणि कानाशी तोंड आणून विचारलं.

"तू यांच्याकडे कधी होतास?"

मी आठवलं, आणि आठवताना माझे हात हळूहळू खाली आले. पाचव्या क्लबाने मला उसना म्हणून त्यांच्याकडे पाठवलं होतं. मी गेलो, त्यांचा हिरवा मफलर गळ्यात घालून फोटो काढला, हॉटेलात रात्री झोपलो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला आणि दुपारच्या गाडीने मला परत पाठवलं. तो फोटोसुद्धा कुठे छापून आला नव्हता.

"दीड दिवस," मी म्हणालो.

कॅप्टनने गळ्यातला हात काढून घेतला. एवढ्या वेळात आनंद करायची घटका निघून गेली होती आणि पंच शिट्टी वाजवत होता. मी घरच्या कोपऱ्याकडे पाहिलं. मुलगी आणि तिची मैत्रीण कठड्याला धरून उभ्या होत्या. इतर सगळे नाचत होते, त्या दोघीच नुसत्या उभ्या होत्या.

आम्ही जिंकलो. आंघोळ करून मी प्रशिक्षकाच्या खोलीत गेलो. तो खुर्चीतून उठला आणि म्हणाला, "या, बसा तुम्ही." त्या 'बसा'वरच मी काय ते समजलो. बाकी त्याने सगळं नीट, जड मनाने सांगितलं. गोल सुंदर होता म्हणाला, आणि मी त्याला खरं सांगून त्याचं मन मोडलं नाही. क्लब तरुण विंगर आणतोय. पण मला राहायचं असेल तर दहा वर्षांखालच्या मुलांना शिकवायला माणूस हवा आहे. मी आभार मानले आणि तोंडघशी पडल्यावर जसं चालतात तसं, फार सरळ, चालत बाहेर आलो.

गाडीत बसतोय तोवर एजंटचा फोन. आठवा क्लब. लांबचं गाव, त्यांचा विंगर पाय मोडून बसलाय, दोन वर्षांचा करार, लगेच या. इथे मात्र मी खरं सांगतो. मला इतका आनंद झाला, की मी गाडीच्या काचेत स्वतःला बघून केस सारखे केले. दहा वर्षांखालची मुलं, नाकं पुसायची, बुटांच्या नाड्या बांधायच्या, तो काही मी नव्हे. कोणाला तरी अजून माझे पाय हवेत. एजंटला म्हटलं, घरी बोलून कळवतो. मनातल्या मनात मी तेव्हाच सामान बांधायला घेतलं होतं आणि घरी कसं बोलायचं याची वाक्यं जुळवत होतो. मुलं काय, कुठेही रुळतात. हे वाक्य मी आजवर तीनदा वापरलं होतं आणि ते छान बसायचं.

घरी बायको ओट्याशी उभी होती, मुलगी टेबलाशी पेन्सिलींना टोक काढत बसली होती. तिने वर न बघता विचारलं.

"बाबा, तू त्या लोकांना सॉरी का म्हणत होतास?"

मी तिला शिष्टाचार समजावून सांगितला. ज्यांना सोडून आपण गेलो, त्यांच्यासमोर आपण आनंद करायचा नसतो. त्यांना वाईट वाटेल याची जाणीव ठेवायची असते. सांगता सांगता मला स्वतःलाच ते फार उदात्त वाटायला लागलं.

"पण ते तर तुला ओळखत पण नव्हते," ती म्हणाली.

"नव्हते."

"आम्ही दोघी उभ्या राहिलो होतो. तू येशील म्हणून."

ती टोक बोटाला लावून बघत होती.

"आणि शाळा तर मी पण सोडल्या ना. सगळ्या तुझ्यामुळे सोडल्या. मला कुठे कधी सॉरी म्हणालास?"

ती रागावली नव्हती. वहीतलं गणित चुकलंय हे दाखवताना बोलतात तसं बोलली. बायकोने नळ बंद केला आणि पाठमोरीच उभी राहिली. मला लाज वाटली. खेळाडूंना लाज वाटण्याची सवय असते, गोल हुकला की वाटते, पडलो की वाटते, गाण्याचे शब्द कळले की वाटते. ही तसली नव्हती. दीड दिवस ज्यांच्याकडे राहिलो त्यांच्यापुढे मी मान खाली घालून उभा राहिलो होतो, आणि जी पोर माझ्यामागे चार गावं आली, तिला मी वाक्यं जुळवून सांगणार होतो, की मुलं कुठेही रुळतात.

मी सॉरी म्हणालो. आधी तिला, मग तिच्या आईला. हात वगैरे काही वर केले नाहीत, ते खिशातच राहिले, कुठे ठेवायचे ते सुचत नव्हतं. बायको वळली. तिचे डोळे भरले होते, पण म्हणाली एवढंच, की उशीर झाला असला तरी नंबर बरोबर लागलाय.

मग मी तिथेच उभा राहून एजंटला फोन लावला आणि येत नाही म्हणून सांगितलं. त्याला वाटलं, मी भाव खातोय. अजून दोन वर्षं आहेत तुझ्या पायांत, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. असतील, मी म्हणालो. उद्यापासून मी फुटबॉलपटू नसणार होतो. लोकांचं मत विचाराल तर मी तसा आधीही फारसा नव्हतो, पण मला वाटत होतं.

फोन ठेवून मी मुलीसमोर बसलो. तिला सांगितलं, की मी आता लहान मुलांना शिकवणार आणि आपण कुठेही जात नाही, इथेच राहणार. मला वाटलं, ती उडी मारेल. ती जागची हलली नाही.

"किती सीझन?" तिने विचारलं.

"सीझन नाही गं. कायमचं."

तिने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कायमचं म्हणजे किती सीझन?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खाली जाऊन मैत्रिणीला सांगायचं होतं, आणि त्यासाठी नक्की आकडा हवा होता.