रांगेच्या शेवटी कुंता

दिवाळीत घरी गेली तेव्हा कुंतानं बापाला हातांनी सांगितलं होतं, नाच आहे, दहा पोरी आहेत आणि सर्वात पुढं मी. इस्तारीला लेकीच्या खुणा अर्ध्याच कळायच्या, पण ही पुरी कळली. त्यानं मासेमारांच्या अख्ख्या ढिवर मोहल्ल्यात सांगून टाकलं, "माही पोट्टी चीनचा नाच करून राह्यली. समोर थेच हाये."

नाच चीनचाच होता. गोंडपिपरीकडच्या त्या बहिऱ्या मुलींच्या निवासी शाळेत ज्योत्स्ना मॅडमनी एक सीडी आणली होती. पडद्यावर एक बाई उभी, आणि बघता बघता तिच्या पाठीमागून हातच हात उगवले, मोराच्या पिसाऱ्यासारखे. मागं बाया एकीमागं एक उभ्या होत्या, चेहरा मात्र एकीचाच दिसत होता. मॅडमनी खुणेनं सांगितलं, यातल्या एकीलाही ऐकू येत नाही. पोरींचा विश्वासच बसेना. सीडी तीनदा लावायला लागली.

दोन महिने तालीम झाली. मॅडम स्टेजच्या खाली उभ्या राहून बोटांनी ताल मोजायच्या आणि कुंता पुढं उभी राहायची.

गॅदरिंगच्या आठ दिवस आधी गुणवंतराव आले. ते संस्थेचे अध्यक्ष. संस्था म्हणजे ते, त्यांची बायको आणि त्यांचा साळा. तालीम पाहून म्हणाले, "छान हाये मॅडम. पण पेपरात फोटो येते. समोर आमची पायल उभी करा."

पायल त्यांची नात. चंद्रपुरात शिकणारी, गोरी, दोन्ही कान शाबूत. काळ्या पोरीचं तोंड पेपरात नको, एवढंच त्यांना म्हणायचं होतं, पण तेवढं म्हणायचीही हिंमत नव्हती. बहिऱ्यांच्या नावानं अनुदान खायचं आणि बहिऱ्यांच्या नाचात पुढं ऐकणारी उभी करायची! मॅडमनी पायलचं नाव लिहून घेतलं. त्यांची नोकरी अजून कायम झाली नव्हती.

कुंता रांगेच्या शेवटी गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. बाप दोन बसा बदलून येणार, आणि पाहणार काय? बावीस हात, सगळ्यांना पिवळ्या बाह्या, सगळ्यांना सोनेरी कागदाची नखं.

त्यात आणखी एक झालं. मॅडम जिथं उभ्या राहायच्या तिथं आता पाहुण्यांचे सोफे येणार होते. मॅडमना स्टेजच्या बाजूला, पडद्याआड जावं लागलं. कुणाला कळू न देता तिकडं मान वळवू शकेल अशी एकच पोरगी होती, सर्वात मागची.

तोड कुंतानंच काढली. तलावात जाळं ओढताना कोणी ओरडत नाही. पलीकडच्या टोकाचा माणूस दोराला हिसका देतो, तो हिसका हातोहात इकडं येतो आणि सगळे मिळून ओढतात. कुंता लहानपणापासून बापाशेजारी दोर धरून उभी राहिली होती. तिनं मॅडमच्या बोटाकडं पाहिलं आणि पुढच्या रिंकूच्या गुडघ्यामागं आपला गुडघा हलकेच टेकवला. रिंकूनं तिच्या पुढचीला. ताल सरसर पुढं धावला.

अडला तो पायलपाशी.

"मले गाणं ऐकू येते न मॅडम! मी गाण्यावरच करीन."

"मागच्या दहा जणींले नाई येत व."

पायल ऐकेना. तिचे दोन हात आधी, बाकी वीस मागून. शेवटी कुंता आत गेली, कापसाचे दोन बोळे घेऊन आली आणि पायलच्या तळहातावर ठेवले. पोरी पोट धरून हसल्या. पायलचं तोंड फुगलं. पण दोन वेळा चुकल्यावर तिनं ते बोळे गुपचूप कानात घातले.

गॅदरिंगच्या दुपारी इस्तारी आला. त्या दिवशी गावात जाळं पडायचं होतं, तो आला नाही म्हणून भाऊबंद चिडले होते. अंगात धुतलेला पांढरा सदरा. दारावरच्या माणसानं त्याला हटकलं, "ओ भाऊ, कुठी चालले? थ्या खुर्च्या पाहुण्याईच्या हायेत. बाजूनं उभे राहा."

इस्तारी मांडवाच्या कडेला, बांबूला टेकून उभा राहिला.

पडदा सरकला. अकरा पोरी एका रेषेत, समोरून दिसते ती फक्त पायल. पडद्याआड मॅडमचं बोट वर गेलं. कुंतानं ते पाहिलं आणि तिचा गुडघा हलला नाही. नाहीच दिला तर? तर पायल सोफ्यांसमोर खांबासारखी उभी राहील. हसू होईल तिचंच. बाकीच्यांना पाहतं कोण?

मॅडमचे डोळे मोठे झाले. त्यांच्या खांद्यापलीकडं, बांबूपाशी, कुंताला पांढरा सदरा दिसला. बाप पायलकडं पाहत नव्हता. त्याची नजर रांगेवरून एकेक पोरगी ओलांडत मागं येत होती. बाजूनं रांग लपत नव्हती. नजर कुंतापाशी आली आणि थांबली. बापानं दोन्ही मुठी छातीशी आणल्या, हातात दोर असल्यासारख्या, आणि वाट पाहत राहिला.

कुंतानं गुडघा दिला.

बावीस हात एकदम उघडले. सोफ्यांवरून 'अरे वा' झालं असेल, पोरींना काय माहीत. त्या गुडघ्यागुडघ्यानं नाचत राहिल्या, शेवटपर्यंत, आणि एकही हात चुकला नाही.

नाच संपल्यावर गुणवंतराव नातीला कडेवर घ्यायचेच बाकी होते. कानातले बोळे काढत पायल काहीतरी सांगत होती, आजोबांचं लक्ष फोटोवाल्याकडं. मग इस्तारी दिसला, तेव्हा मोठेपणानं म्हणाले, "काय गा, तुही पोरगी कोणती?" मॅडम बाजूलाच होत्या, त्यांचे हात कुंतासाठी खुणा करू लागले.

"सर्वात मांगची," इस्तारी म्हणाला. "थेच वढून राह्यली होती सारं."

"मांगची? आम्हाले तं दिसली नाई बाप्पा."

"दिसन कशी साहेब? तुमी समोर बसले होते."

मॅडमचे हात एवढं सांगून थांबले. गुणवंतराव फोटोवाल्याकडं वळले. इस्तारीनं पिशवीतून भाजलेल्या मासोळ्यांची पुडी काढली, कुंतापुढं धरली आणि बोटं दहा दाखवली. दहाही पोरींना पुरतील एवढ्या होत्या. कुंतानं अकरावं बोट म्हणून पायलकडं दाखवलं.