हितेंद्रची शेवटची रचना

चेलना गाडी घेऊन दारात आली तेव्हा भटूनाना अंगणात मक्याची कणसं सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. जळगावात मेहरूणला राहणारी, कापडाच्या मोठ्या दुकानवाल्या प्रकाशचंद शेठजींची नात स्वतः गाडी हाकत रावेरच्याही पुढे या आडगावात येते, आणि ते मेलेल्या माणसाच्या संगीतासाठी? नानांना हे काही पटत नव्हतं. अडुसष्ट वर्षांत दारात उगीच आलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

मेलेला माणूस म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ हितेंद्र. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. नानांनीच त्याला खांद्यावर वागवून मोठा केला. तो भजनी मंडळात पेटीला बोटं लावायला शिकला, धुळ्याला पेटी शिकायला गेला, मग पुण्याला, मग परदेशात. तिकडे तो संगीतकार झाला म्हणे. वर्तमानपत्रात फोटो यायचे. पण त्याचं संगीत नानांच्या कधी पचनी पडलं नाही. तीन सूर. पुन्हा तेच तीन. मग त्यातला एक जरासा उशिरा. मग पुन्हा तेच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नानांची बायको झुंबरबाई चुलीपुढून ओरडली होती, "हितू, तुही कॅसेट अडकली का रे?" हितेंद्र पोट धरधरून हसला होता.

गेल्या पौषात तो झोपेतच गेला. लग्न नाही, पोरंबाळं नाहीत. पुण्यातल्या त्याच्या खोलीतलं सामान त्याच्याकडे शिकणाऱ्या या चेलनाने आवरलं होतं. म्हणजे लॅपटॉप तिच्याकडे, वह्या तिच्याकडे. नानांच्या मनात तेही खुपत होतं.

"नाना, आज धुळ्याच्या कार्यक्रमात सरांची शेवटची रचना वाजणार आहे," चेलना म्हणाली. "आजवर कुणीच ऐकलेली नाही. लॅपटॉपमध्ये सापडली. आम्ही सरांवर पुस्तक काढतोय, त्यात तिच्यावर एक अख्खं प्रकरण आहे."

"माह्याकडून काय पाहिजे?"

"शाल घ्यायची आणि दोन शब्द बोलायचे."

"कागदावर सही?"

"नाही हो."

"अंगठा?"

चेलना हसली. नाना हसले नाहीत. आत जाऊन धुतलेली टोपी घालून आले आणि गाडीत बसले.

जळगाव मागे पडलं. एरंडोलच्या अलीकडे त्यांनी एकदाचं विचारलं, "तुले आवडते का त्याचं ते? खरं सांग. मी काही कोणाले सांगत नाही."

"पहिल्यांदा नाही आवडलं," चेलना म्हणाली. "एकदा आमची लाडकुंवर आजी सामायिकाला बसली होती. अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी बसायचं असतं आम्हा जैनांत, हलायचं नाही, काही करायचं नाही. मी शेजारी बसून सरांचं ऐकत होते. त्या दिवशी कळलं. काही घडावं म्हणून ते ऐकायचंच नसतं."

नानांनी खिडकीबाहेर पाहिलं. काही घडतच नसेल तर त्याचं पुस्तक कशाला काढायचं, हे त्यांनी ओठांवर आलेलं गिळलं.

धुळ्यात एका शाळेच्या सभागृहात साठ-सत्तर माणसं जमली होती. पहिल्या रांगेत चुडामण सर बसले होते, निवृत्त संगीत शिक्षक. हितेंद्रला पेटी यांनीच शिकवली होती. माइक हातात येताच ते म्हणाले, "गेलेल्या माणसाबद्दल वावगं बोलू नये. पण मी त्याचा गुरू आहे, मला बोलावं लागेल. या पोराच्या हातात काय गोडवा होता! अठराव्या वर्षी भैरवी वाजवली तर बाया पदर डोळ्याला लावायच्या. ते सगळं टाकून हा तीन सुरांवर येऊन बसला. तीस वर्षं! लोकांना कळलं नाही, आणि कळलं नाही असं म्हणायची लाज वाटली, म्हणून ते त्याला मोठा म्हणाले. माझं तरी हेच मत आहे."

"सर, ऐकायलाही शिकावं लागतं," चेलना जागेवरूनच म्हणाली.

"म्हणजे चूक ऐकणाऱ्याची! वा ताई, वा! मग परीक्षेत नापास झालेली माझी पोरंही मोठे संगीतकारच म्हणायची."

लोक हसले. नानांना तो माणूस आवडला नाही, पण त्याचं म्हणणं मात्र नेमकं त्यांच्याच पोटातलं होतं. त्याचीच त्यांना चीड आली.

मग चेलनाने रचना लावली.

आधी काहीच नाही. मग पत्र्यावर पडावा तसा एक ठोका. बराच वेळ शांतता. मग लागोपाठ दोन ठोके आणि त्यांच्या मागून पितळी ताटाचा लांब जाणारा नाद. पुन्हा शांतता, आधीपेक्षा मोठी. मागे कुणीतरी कुजबुजलं, "काय शे हाई? मशीन बंद पडनं का?"

नानांचा हात मात्र खुर्चीच्या दांडीवर घट्ट बसला. तो पत्रा त्यांच्या ओळखीचा होता. तेलाचा रिकामा डबा, त्यांच्याच घरचा. ताट झुंबरबाईच्या माहेरचं. ही रचना कसली! गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात मक्यातली रानडुकरं हाकलायला हितेंद्रने बांधावर बसून लॅपटॉपवर भरून दिलेला आवाज होता हा. तो भोंग्याला जोडून नानांनी सगळा हंगाम वावरात वाजवला होता.

आणि इथे साठ माणसं डोळे मिटून तो ऐकत होती.

नानांच्या मनात एक वाईट विचार आला, आणि आला तो जाईना. हितेंद्रने आयुष्यभर हेच केलं का? वावरातला आवाज नेऊन साहेब लोकांना विकला, आणि आतल्या आत हसला? तसाच पोट धरून? मग आपण ज्याला खांद्यावर वागवला तो कोण होता?

रचना संपल्यावर चेलना उभी राहिली. "ही सत्तेचाळीस मिनिटांची आहे. सरांना सामायिक ठाऊक होतं, मीच सांगितलं होतं. अठ्ठेचाळीसला एक मिनिट कमी. बैठक पूर्ण होण्याआधीच उठून जाणं. मला वाटतं, आपण जाणार हे त्यांना कळलं होतं."

दोन बायांनी डोळे पुसले. सत्तेचाळीस मिनिटांचं कारण नानांना पक्कं ठाऊक होतं. झुंबरबाईने जेवायला हाक मारली होती.

शाल खांद्यावर पडली. माइक पुढे आला. चुडामण सर खालूनच म्हणाले, "नाना, तुम्ही भाऊ. तुम्हीच खरं सांगा. तुम्हाला कधी आवडलं का हे?"

चेलना त्यांच्याकडे पाहत होती. बोललो तर भावाचं हसं होईल, गप्प राहिलो तर खोटं पुस्तकात छापलं जाईल आणि तेच त्याच्या नावावर राहील. नानांनी टोपी सारखी केली.

"आवडलं नाही," ते म्हणाले. "आणि हे शेवटचं म्हणता ना, हे डुकरांसाठी केलेलं आहे."

आधी कुणाला कळलं नाही. मग हसू फुटलं ते भिंतींना लागलं. चुडामण सरांनी तर टाळीच वाजवली. "डुकरं पळाली का मग?"

"पळाली," नाना म्हणाले. "हसा. पण पुढचं ऐका."

हसू जरा ओसरलं.

"मी कुंपणाच्या तारेत करंट सोडणार व्हतो. गावात बाकीचे सोडतात, डुकरं मरतात, एखाद्या वेळी माणूसही मरते. हितू तेव्हा घरी आलेला. तो म्हणे, भाऊ, तार नको. बाजारातून कुत्र्याच्या भुंकण्याचा आवाज आणला, बंदुकीचा आणला. चार दिवसांत डुकरं त्याले सरावली, भोंग्याखालीच कणसं खाऊ लागली. मग हा तीन दिवस बांधावर बसला. नुसता ऐकत. मी म्हटलं, आळशी झाला. चौथ्या दिवशी डबा अन् ताट घेतलं. मले म्हणे, भाऊ, आवाजाची सवय होते, पुढचा कधी येईल त्याची नको व्हायला. डुकरं हंगाम संपेपर्यंत सरावली नाहीत. मका उभा राहिला. करंट सोडावा लागला नाही. अन् ते सत्तेचाळीस मिनिटं जेवणामुळे झाले. एवढंच मले मालूम."

टाळ्या पडल्या की नाही, हे नानांना खाली उतरेपर्यंत समजलं नाही.

बाहेर चहाच्या टेबलाशी चुडामण सर जवळ आले, इकडेतिकडे पाहून हळू आवाजात अहिराणीत म्हणाले, "नाना, मना सालाना वावरमा बी डुकरे येतस. बठ्ठा मका खाई गयात. तो आवाज माले मिळी का?"

हा थट्टा करतो आहे की काय, म्हणून नानांनी त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. थट्टा नव्हती.

"मिळेल," नाना म्हणाले. "पण मेहुण्याने विचारलं तर नाव सांगायचं. भैरवीवाल्या हितूचं नाही. याच हितूचं."

चेलना गाडीत लॅपटॉप उघडून बसली होती. डोळे लाल होते. नाना शेजारी बसले. आता ही आपल्यावर चिडणार, असं त्यांना वाटलं.

"नाना, गेल्या वर्षी तुमच्या मक्याची काढणी कधी झाली?" तिने विचारलं.

"दसऱ्याले."

"मग हे बघा." तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "या आवाजाच्या अकरा फायली आहेत. पहिली श्रावणातली, ती तुमची. बाकीच्या दहा दसऱ्यानंतरच्या, पुण्यात केलेल्या. शेवटची ते जाण्याच्या आठ दिवस आधीची. आज वाजली ती."

समजूत घालायला ही काहीही सांगेल, असं मनाशी म्हणत नानांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि एकेका तारखेवर बोट ठेवत स्वतः वाचलं. अकराच होत्या. पुण्याच्या खोलीत डुकरं नव्हती. मग हा तीन महिने त्या डब्याशी काय करत बसला होता? कुणाला हसत बसला म्हणावं, तर तिथे ऐकणारंही कुणी नव्हतं.

"पहिलीत न् शेवटचीत काय बदललं?"

"मला वाटत होतं मला कळलंय," चेलना म्हणाली. "आता खात्री नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर थोडं थोडं बदललंय. ताट तेच. लांबी तीच. तुमच्या घरची जेवणाची वेळ त्यांनी शेवटपर्यंत हलवली नाही."

समोरून कार्यक्रमाची माणसं घरी चालली होती.

"ते सामायिकाचं प्रकरण काढून टाकते," ती म्हणाली.

"काढ. पण तिथं दुसरं लिही. आत्ता लिही, माह्यासमोर. घरी जाऊन तू काय लिहिशील ते मले काय मालूम?"

तिने टाइप केलं. नानांच्या सांगण्यावरून मोठ्याने वाचलं. "ही रचना हितेंद्र चौधरी यांनी थोरल्या भावाच्या मक्यातली डुकरं पळवण्यासाठी केली. मका निघाल्यावरही ते तिच्यावर काम करत राहिले. का, ते आम्हाला माहीत नाही."

"पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं.

"आम्हाला म्हणजे कोणाले?"

"तुम्हाला आणि मला."

नानांनी मान हलवली. "असू दे," ते म्हणाले. "आता गाडी काढ. झुंबरबाई वाट पाहत असेल."