बाळ नसलेल्या बाळंतिणीची बाज

मी एक जुनी बाज आहे, मित्रांनो. तिरोड्याजवळच्या एका गावात केशोरावांनी माझे सागाचे पाय तासले आणि मला अंबाडीच्या दोरीने विणले. या घरातल्या सगळ्या बाळंतिणी माझ्यावरच निजल्या. बाळंतपण आटोपले, की मला धुऊन छपरीत उभी करत. मग माझी आठवण फक्त कोंबड्यांना.

केशोरावांची सून रीना. थोरली लेक भूमिका हिच्या वेळी तिचे सिझर झाले होते. म्हणून या खेपेला डॉक्टरांनी बजावले होते, की कळांची वाट पाहू नका, आधीच भरती व्हा. पण सासू धुरपताबाई म्हणाल्या, "गेलो तं पुन्हा कापतीन. कळा पक्क्या होऊ दे, मंग जाऊ."

कळा वाढत गेल्या. रीनाने माझ्या दोऱ्या मुठीत धरल्या. आणि एकाएकी कळा थांबल्या.

"आराम पडला बापा," धुरपताबाई म्हणाल्या.

"आराम नाही, आई. आत काहीतरी फाटलं. मले दवाखान्यात घेऊन चला."

तिच्या पाठीचा घाम माझ्यात झिरपत होता, गार. नवरा ओमेश गाडी घेऊन आला, तोवर तिचे डोळे मिटत चालले होते.

पुढचे मी घरातल्यांच्या तोंडून ऐकले. सिझरच्या जुन्या टाक्यावर गर्भाशय फाटले होते. डॉक्टरांनी ते काढले, रक्त चढवले, तेव्हा रीना वाचली. बाळ वाचले नाही.

ती घरी आली ती धानाच्या रोवणीच्या दिवसांत, आणि धुरपताबाईंनी तिच्यासाठी मला पुन्हा टाकले. उठून बसली तरी तिला दम लागे. दूध मात्र दाटून येई, आणि ती भिंतीकडे तोंड करून पडे.

शेजारच्या अनुसयाबाई डोकावल्या. "बाज काऊन टाकली वो? लेकरू नाही, तं बाळंतीण कायची? येऊ दे रोवाले, मन रमंल."

धुरपताबाईंनी शेगडी पेटवली आणि माझ्याखाली सरकवली.

"लेकरू गेलं वो. बाई तं बाळंतीणच हाये. माही सून धानाच्या बांधीत रोवाले येनार नाही." मग रीनाच्या केसांवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "पेज पिऊन घे, माय."

रीना त्यांच्या मांडीवर डोके ठेवून खूप रडली. मी दोघींचा भार पेलला.

मित्रांनो, तुमच्या आईचे, मावशीचे सिझर झालेले असेल, तर पुढच्या खेपेला तिला कळांची वाट पाहत घरी ठेवू नका. 'आत काहीतरी झालं' असे ती म्हणाली, तर तिचे ऐका. आणि कोणी आई रिकाम्या हातांनी घरी आली, तर तिच्यासाठीही बाज टाका.