तिरप्या उजेडातला खडा

टण्.

लाईन गेलेली, पंखा थांबलेला, तान्हा नुकताच झोपलेला. त्या शांततेत सासूबाईंनी तुरीच्या डाळीतला खडा स्टीलच्या वाटीत टाकला. मी फोनकडे पाहिलं. अजून काहीच नाही.

दुपारी तीनला आमच्या प्रयोगशाळेतला लेझर पहिल्यांदा पूर्ण ताकदीनं चालणार होता. बाळंतपणाला इथं सासरी, रिठदला येण्याआधी त्याचा सर्वांत मोठा आरसा मी तपासला होता. सगळ्यांनी तो स्वच्छ ठरवलेला. मी टॉर्च समोरून न धरता कडेनं, अगदी तिरपा धरला, आणि एक कण चमकला. आरसा पुन्हा धुवायला लावला. काम दोन दिवस थांबलं. "मॅडमना धुळीचे डोहाळे लागलेत," असंही कुणी म्हणालं. मग तपासणीच्या कागदावर सही केली ती मीच. एक कण जरी राहिला असेल, तर आज तिथंच आरसा जळणार होता.

"दूध उतू जाऊन राह्यलं का व त्या फोनात?" सासूबाई म्हणाल्या. "घडीघडी पाहून राह्यली!"

"आज आमचा लेझर सुरू होतोय, आई."

"तवाच गेली आमची लाईन!"

"नाही हो! त्याच्या एका झटक्यात चमचाभर पाणीसुद्धा धड कोमट होत नाही."

"मंग कायले एवढा खटाटोप?"

माझी पाच वर्षांची वैभवी हातातली बाहुली सोडून जवळ सरकली. मी सांगायला लागले. पापणी लवते तेवढ्या वेळाचे कोटी तुकडे करा, त्यातल्या एकाचे पुन्हा दहा लाख. तेवढ्या वेळात सगळी ऊर्जा बाहेर पडते, म्हणून त्या क्षणापुरती त्याची ताकद साऱ्या जगाच्या विजेहून जास्त. आधी एक दुबळी चमक घेतात. पिंजलेल्या कापसासारखी तिला पसरवतात, म्हणजे ताकद भरताना लेझरमधल्या काचा फुटत नाहीत. मग जिनिंगमध्ये कापसाची गठाण दाबतात, तशी एका दमात दाबतात. आरसा तिला केसाहून बारीक ठिपक्यावर आणतो, आणि त्या ठिपक्यात ताऱ्याच्या पोटातल्यासारखी उष्णता होते. यातूनच कधीतरी कॅन्सरच्या गाठीवर चालतील असे किरण लहानशा मशीनमध्ये तयार व्हावेत, अशी खटपट चालली आहे.

"ताऱ्याच्या पोटातली?" सासूबाईंचा हात सुपातच थांबला.

तेवढ्यात फोन थरथरला. आमचे प्रमुख, राजपाल सर.

"निता, झालं! पूर्ण ताकद! आरसा तपासला, एक डाग नाही. तुझा तिरपा टॉर्च आता नियमातच लिहितोय. कुठं शिकलीस हे?"

सासूबाई दारात बसल्या होत्या, कलत्या उन्हात सूप तिरपं धरून. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी मला तसंच धरायला लावलं होतं. "तिरपं धर, खडा सोताहून दिसते."

"घरी शिकले, सर," मी म्हणाले. "सासूबाईंकडून. डाळ निवडताना."

"मायं नाव कायले सांगतं व त्या सायबाले!" त्या रागावल्या. मग उठल्या, पदर सारखा केला आणि भिंतीवरून शेजारी हाक मारली, "रुख्मिणी! ऐकलं का व? माया सुनेनं तारा पेटवला! आन् थेबी घरी बसून!"

त्या आवाजानं तान्हा उठला. त्याला मांडीवर घेऊन थोपटत होते, तर वैभवी माझ्या खांद्याला रेलली. इतक्या वर्षांत प्रयोगशाळेत कुणी विचारलं नव्हतं, तेच तिनं विचारलं.

"मम्मी, थो उजेड एवढ्या लवकर इझला... मंग त्याले समजलं तरी का, आपण तारा झालो होतो म्हणून?"