चढता आकडा

बदलापूर गावात भागीरथीला उलट बोलायची कुणाची छाती नव्हती. नवरा गेल्यावर घर तिनं एकटीनं ओढलं, आणि ओढणारीला कासरा दुसऱ्याच्या हाती द्यायची सवय नसते. लेक महेंद्र पिवळा पडला तेव्हाही काय करायचं ते तिनंच ठरवलं. आनंदनगरच्या कंपनीतून सुटल्यावर तो कुठं बसायचा, हे सून शीला सांगायला लागली, तर भागीरथीनं तिला डोळ्यानंच गप्प केलं. आपल्या घरात दारू शिरलीच नाही. कावीळ आहे, कावीळच म्हणायचं.

आधी गावात कावीळ उतरवणाऱ्या बनूबाईची माळ झाली. काड्यांची ती माळ डोक्यावर ठेवतात. दिवसागणिक ती सैल होते, वाढते, गळ्यात येते, मग पोटावर. माळ वाढली तेवढी कावीळ उतरली, हे त्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. महेंद्रची माळ बेंबीपर्यंत आली, पण पोट ढोलासारखं फुगलं, तेव्हा कुठं त्याला अंबरनाथच्या इस्पितळात नेलं.

तिथला डॉक्टर तरुण, बोलायला गोड. म्हणाला, याचे रक्ताचे रिपोर्ट कंप्युटरला देतो. आधीच्या पेशंटांच्या कागदांवरून तो एक आकडा काढतो, त्यावरून लिव्हर पुढं कसं चालणार ते कळतं. आज एकोणीस आहे. भागीरथीनं मान डोलवली. मोठा आकडा चांगला का लहान, हे विचारायला तिची जीभ रेटेना. सुनेसमोर अडाणी ठरायचं होय?

रोज सकाळी ती सिस्टरला आकडा विचारी. तेवीस झाला, मग अठ्ठावीस. माळेसारखाच वाढत होता बापडा. महेंद्रच्या कपाळावरून हात फिरवून ती सांगे, चढतोय, आता भ्यायचं नाही. तोही त्या भरवशावर दोन घास जास्त गिळी.

मग डॉक्टरनं दोघींना बोलावलं. आकडा फार चढलाय, आजच मुंबईला हलवा, लिव्हर बदलायची सोय तिथंच आहे. बायको आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायला तयार असेल, तर तिच्या तपासण्या लगेच होतील.

भागीरथीला हसूच आलं. "चढलाय ना? मग हलवायचा कशाला? भाकरी फुगायला लागली की तवा बदलतं का कुणी?"

डॉक्टर समजवायला गेला, तोवर ती दाराबाहेर. शीला मागून धावली.

"आत्याबाई, एकदा नीट विचारू या ना."

"तुला काय कळतं त्या आकड्यातलं? माझा लेक बरा होतोय ते बघवंना, आता त्याला फाडायला निघालीस."

शीलानं पदर तोंडाला लावला. पुन्हा तो विषय तिनं काढला नाही.

पुढं महेंद्र बरळायला लागला, दिवसा झोपू लागला. भागीरथी म्हणाली, औषधाची गुंगी. सिस्टरनं अडतीस सांगितलं, तशी ती ताठ मानेनं डॉक्टरच्या खोलीत गेली आणि घरी कधी सोडता म्हणून विचारलं.

डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "आजी, हा आकडा जेवढा मोठा, तेवढं मरण जवळ. तेव्हा हलवला असता तर आशा होती. आता तो वाटही सोसणार नाही. घरी न्यायचा असेल तर न्या."

भिंत धरत ती खाटेपाशी आली. शीला महेंद्रचे ओठ ओल्या फडक्यानं पुसत होती. त्यानं डोळे उघडले. नेमके तेवढ्यापुरते ते शुद्धीतले होते.

"आये, आज किती?"

लहान आकडा सांगावा तर तो भ्याला असता. तसं तिनंच शिकवलं होतं.

"अडतीस."

पिवळ्या डोळ्यांनी तो हसला. "मग घरी?"

"आजच."

शीलाचा चेहरा उजळला. तिनं सासूकडे बघितलं, जणू माफी मागावी तसं, आणि लगबगीनं त्याचे कपडे पिशवीत भरू लागली. भागीरथीला तिचा हात धरवेना.